ऐकायला आलेला वाचक

माझी कादंबरी छापून आली तेव्हा मी बीडला एका क्लासमध्ये मराठी व्याकरण शिकवत होते, आणि अजूनही तेच शिकवते. पोलीस भरती, तलाठी भरती, वनरक्षक, जी जाहिरात निघेल तिची तयारी करणारी पोरं-पोरी माझ्यासमोर बसतात. कितीतरी जणांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले असतात आणि ही पोरं शहरात खोली करून, हातानं भाकरी थापून अभ्यास करत असतात. समास आणि प्रयोग यांच्या पलीकडं मॅडमना काही येत असेल असं त्यांना वाटायचं कारण नव्हतं. त्यामुळं मी पुस्तकाची प्रत टेबलावर ठेवली तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीनं ती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "मॅडम, ह्याच्यावर किती मार्काला येतंय?"

मी म्हटलं, "एकाही नाही."

"मग लिहिलं कावून?"

हा मला मिळालेला पहिला अभिप्राय.

कादंबरी एका हेराची आहे. तो परक्या मुलखातल्या एका शहरात घड्याळं दुरुस्त करणारा म्हणून राहतो. तिथंच लग्न करतो, शेजाऱ्यांच्या मयतीला खांदा देतो, गल्लीतल्या भांडणात मध्यस्थी करतो, आणि अधूनमधून आपल्या मुलखाला बातमी पाठवतो. बरीच वर्षं गेल्यावर 'परत या' असा निरोप येतो, आणि आपलं खोटं आयुष्य नेमकं कोणतं हे त्याला ठरवता येत नाही. माणूस म्हणजे त्याच्या मनात दडलेली गोष्ट, की तो रोज उठून जे करतो ते? या एका प्रश्नापायी मी कितीतरी वर्षं क्लास सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून लिहीत राहिले होते.

पाठलाग आणि तत्त्वज्ञान एकाच पुस्तकात घातल्यावर जे व्हायचं ते झालं. पुण्याहून एका वाचकाचा फोन आला, "मी रहस्यकथा म्हणून घेतली हो. अर्धं पुस्तक झालं तरी एक गोळी सुटत नाही." त्याच आठवड्यात एक निवृत्त प्राध्यापक भेटले. त्यांचं म्हणणं, चिंतन चांगलं रंगात आलं होतं, तेवढ्यात तो माणूस गच्चीवरून उडी मारून पळाला आणि सगळा विचका झाला. माझ्या नवऱ्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्यानं दुकानात गिऱ्हाईक नसताना थोडं थोडं करून पुस्तक संपवलं आणि म्हणाला, "घड्याळाच्या कामाचं बरोबर लिहिलंस. पण हा माणूस जेवतो कधी?" क्लासमधल्या एका मुलानं तर कमाल केली. तो रोज पहाटे मैदानावर धावायचा सराव करायचा. "मॅडम," तो म्हणाला, "तुमचा हेर लई इचार करतो. येवढा इचार करत पळाला तर सोळाशे मीटर व्हायचं न्हाई."

मी हसले, पण घरी गेल्यावर जाणवलं की त्यानं पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय. भरतीची तारीख डोक्यावर असताना, ज्यावर एकही मार्क नाही असं पुस्तक. या पोरांचे माझ्यावर उपकारच आहेत.

तरी ज्या वाचकाबद्दल सांगायचं म्हणून मी हे लिहायला बसले तो मला वडवणीत भेटला.

वडवणीच्या वाचनालयानं मला बोलावलं होतं. दुपारचा कार्यक्रम होता आणि नेमका तो बाजाराचा दिवस निघाला, त्यामुळं निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. दोन शिक्षिका, काही कॉलेजची मुलं, वाचनालयाचे सभासद, आणि दारालगतच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ. पांढरा सदरा, बारीक कापलेले केस, पाठ अगदी ताठ. मी बोलत होते तेवढा वेळ त्यांनी माझ्यावरून नजर हलवली नाही. समोर कुणी असं ऐकायला लागलं की बोलणाऱ्याला बळ येतं. मी त्या दिवशी बरी बोलले.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा ते उभे राहिले.

"ताई, तुमच्या हेराला झोप कावून लागत न्हाई?"

मी म्हटलं, "त्याच्या मनाला टोचणी आहे. ज्यांच्यात राहतो त्यांनाच तो फसवतोय. शांत झोप कशी लागेल?"

"लागती," ते म्हणाले. "लई चांगली लागती. तीच तर आडचन हाय."

सभा हसली. तेही थोडंसं हसले आणि खाली बसले. मला ते वाक्य आवडलं, पण त्यात हसण्यापलीकडं काही असेल असं वाटलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी बीडची गाडी धरायला स्टँडवर आले तर ते तिथं उभे. हातात माझी कादंबरी, वाचनालयाचा शिक्का असलेली. त्यांनी पहिलं पान उघडून माझ्यापुढं धरलं. अर्पणपत्रिकेत मी लिहिलं होतं की चौसाळ्याच्या शाळेत आणि घरातही ज्यांनी मला वाचायला शिकवलं त्या अण्णांना हे पुस्तक.

"चौसाळ्याच्या गुरुजींच्या तुमी कोन?"

"मुलगी."

त्यांनी मान हलवली. "मला वाटलंच. च्या घेता का थोडा? मला जरा बोलायचंय. गाडीला टाइम हाय आजून."

स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही बसलो. हे पुढं सांगण्याआधी माझ्या वडिलांविषयी थोडं सांगायला हवं. अण्णा चौसाळ्याच्या शाळेत शिक्षक होते. घरात ते फार कमी बोलत. मला त्यांचा धाक होता, आणि त्यांचं हसणं मी ऐकलेलं आठवत नाही. दर गुरुवारी संध्याकाळी मात्र आमच्या पुढच्या खोलीत गावातली चार-सहा मोठी माणसं जमत. एक शिंपी, दवाखान्यातला कंपाउंडर, दोन शिक्षक, किराणा दुकानदार. अण्णा एखादं पुस्तक मोठ्यानं वाचायचे आणि मग चर्चा व्हायची. मी प्राथमिक शाळेत होते. मला आत यायची परवानगी नव्हती. आई चहा करायची, मी कपांचं ताट उंबऱ्यापर्यंत न्यायचे आणि परत यायचे. मी कॉलेजात असताना अण्णा गेले. आपल्याला त्यांच्याशी कधी धड बोलता आलं नाही, ही खंत घेऊनच मी मोठी झाले.

चहा आला. त्यांनी बशीत ओतून एक घोट घेतला आणि सरळ सांगून टाकलं, "मी पोलीस खात्यात होतो. साध्या कपड्यातलं काम. सभा-मिटिंगला जायाचं, कोन काय बोललं ते ध्यानात ठिवायचं अन् वर सांगायचं. त्या टायमाला मोर्चे लई निघायचे. कुनीतरी कळिवलं की चौसाळ्यात मास्तरच्या घरी दर गुरुवारी दार लावून मानसं बसत्यात. मग मला पाठिवलं."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. "कुठं पाठवलं?"

"तुमच्या घरी."

"दार लावायचे ते समोरच्या गिरणीच्या आवाजामुळं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"म्हाईत हाय ना. पयल्याच दिवशी कळलं. पन वर सांगितलं तर त्यांना पटना." ते सांगत राहिले. बियाण्याच्या कंपनीचा माणूस म्हणून ते आले. वाचनाची आवड आहे असं अण्णांना सांगितलं. शाळा सोडल्यापासून एक पुस्तक हातात धरलं नव्हतं. पहिल्या गुरुवारी एका गावातल्या दुष्काळाची गोष्ट चालू होती. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं की माणसं पुस्तक वाचतात. साहेबांनी विचारलं, काय आहे पुस्तकात? यांनी ऐकलेलं तेवढं सांगितलं. साहेब म्हणाले, मग पुढं काय झालं? यांना ठाऊक नव्हतं. साहेब म्हणाले, जाऊन बघून ये.

"असं व्हत व्हत दर शुक्रवारी सायबच मला गोष्ट इचारायला लागले," ते म्हणाले. "त्यांना नीट सांगायची म्हनून मी गुरुजींकडून पुस्तक घरी न्यायला लागलो. वाचता वाचता गोडी लागली. मग सायबांची बदली झाली. नवीन सायब म्हनले, तिथं काय न्हाई, जानं बंद कर. काम बंद झालं. मी न्हाई झालो. रजा टाकून गुरुवारी चौसाळ्याला जायाचो. माझी बदली व्हईपर्यंत गेलो. गुरुजींना कधी सांगितलं न्हाई. सांगायचं, सांगायचं म्हनता ते गेले."

त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं होतं हे मला दिसत होतं. पण माझ्या मनात वेगळंच चाललं होतं. हा माणूस आमच्या घरात बसला होता. माझ्या आईनं केलेला चहा प्यायला होता. मी उचललेल्या ताटातला कप यानं घेतला होता, आणि हा आमच्याविषयी कुठंतरी जाऊन सांगत होता. पुस्तकात मी अशाच एका माणसावर माया केली होती, पानंच्या पानं त्याला समजून घेतलं होतं. तोच माणूस समोर बसला तेव्हा मला फक्त राग आला.

गाडी लागली. मी पिशवी उचलली आणि नीट निरोपही न घेता निघाले. खिडकीतून दिसलं, ते हॉटेलच्या दाराशी उभे होते, पुस्तक काखेत धरून.

राग काही दिवस टिकला. वर्गात शिकवताना मध्येच आठवायचं आणि वाक्य तुटायचं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आईला सांग. घर त्यांचं होतं."

ते खरं होतं. रविवारी मी चौसाळ्याला गेले. आई एकटीच राहते. तिचे डोळे आता अधू झालेत, पण घरातलं सगळं ती हातानं चाचपून करते. ती शेंगा फोडत बसली होती. मी तिच्याशेजारी बसले, शेंगा हातात घेतल्या आणि जरा सावकाश, तिला धक्का बसणार नाही अशा बेतानं सांगायला सुरुवात केली. गुरुवारी येणाऱ्यांत एक जण पोलीस होता असं म्हणेपर्यंत आलेच होते.

"कोन, बियान्यावाला?" आई म्हणाली. "दाराशी बसायचा तो?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "तुला माहीत होतं?"

"तुझ्या अण्णांना म्हाईत होतं. त्यांनी मला सांगितलं. तुझ्या मामानं एकदा ह्या बियान्यावाल्याला कपाशीचं बी इचारलं, तर त्यानं ज्वारीचं सांगितलं. अन् हेडमास्तर घरात आले की बाकीचे बसूनच नमस्कार करायचे, हा ताडकन उभा ऱ्हायचा. शिपायाशिवाय असं कोन उभं ऱ्हातंय?"

"मग अण्णांनी त्याला हाकललं कसं नाही?"

आईनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "मी पन तेच म्हनलं. भ्यालते मी. तू ल्हान, घरात असा मानूस. तर तुझे अण्णा म्हनले, 'बाकीचे समदे बोलायला येतेत. ऐकायला हा येकटाच येतो. त्याला च्या आधी देत जा.'"

मी हसायला लागले, आणि हसता हसता मला रडू आलं. आईनं विचारलं, काय झालं गं. अण्णांचं असं एक वाक्य माझ्याकडं कधीच नव्हतं. त्यांनी आईला स्वयंपाकघरात, हळू आवाजात सांगितलेलं, थोडं मिश्कील, थोडं मोठ्या मनाचं. ते आता इतक्या वर्षांनी मला मिळालं होतं, आणि ज्याच्यामुळं मिळालं त्याला मी हॉटेलात सोडून आले होते.

मी वडवणीच्या वाचनालयात फोन करून त्यांचा नंबर घेतला. फोनवर मी एवढंच म्हटलं, "आईनं तुम्हाला घरी बोलावलंय." मग ते म्हणाले, "येतो."

पुढच्या रविवारी ते आले. वडवणीहून बीड, बीडहून चौसाळा, असा दोन गाड्या बदलून. हातात सीताफळांची पिशवी होती. घरचं झाड आहे म्हणाले. अंगणात आल्यावर मात्र त्यांचे पाय थांबले. आमच्या पुढच्या खोलीचं दार तेच आहे, फक्त रंग बदललाय. ते त्या दाराकडं बघत उभे राहिले. आई आतून बाहेर आली. तिला चेहरा स्पष्ट दिसला नसेल, पण अंगणात कोण कसं उभं आहे ते तिला कळतं.

"या," ती म्हणाली. "आत या, पार आत. आता दाराशी बसू नका."

त्यांनी वाकून तिला नमस्कार केला. ती खरं तर त्यांच्यापेक्षा फार मोठी नसेल.

आत बसल्यावर आईनंच विषय काढला. आडपडदा तिच्या स्वभावातच नाही. "काय सांगायचात हो आमच्याबद्दल?"

"वहिनी, काय सांगनार? आज अमुक पुस्तक वाचलं. कंपाउंडर आन् शिंपी भांडले. मास्तरनं भांडान सोडिवलं. च्या झाला. दुसरं काय घडतच नव्हतं तर सांगू काय?" मग ते थांबले. "वहिनी, गुरुजींना म्हाईत होतं का?"

"पयल्यापास्नं."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, लावला आणि पुन्हा काढला. "मग बोलले कावून न्हाईत?"

आईनं त्यांना अण्णांचं ते वाक्य सांगितलं. चहा आधी देण्याचंही. ते ऐकून म्हातारबाबा आधी खाली बघत बसले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. पण ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"मी म्हनायचो, च्या पयला मलाच कसा येतो," ते म्हणाले. "मला वाटायचं, मी लांबनं येतो म्हनून देत आसतील."

मी सीताफळं धुऊन ताटात मांडली. त्या दिवशी दुपारभर ते बोलले. ऐकलेलं ध्यानात ठेवणं हाच त्यांचा पेशा होता, त्यामुळं कोणत्या गुरुवारी कोण काय म्हणालं, कोण कशावर अडून बसलं, हे त्यांच्याकडं जसंच्या तसं होतं. त्यांनी अण्णांचं बोलणं करून दाखवलं. वाचता वाचता अण्णा एखाद्या ओळीवर थांबत, बोट पानावर ठेवून वर बघत आणि म्हणत, "हां, आता इथं जरा बसू." हे 'इथं जरा बसू' त्यांनी अशा आवाजात म्हटलं की आईचा हात सीताफळावर थांबला. ती म्हणाली, "पुन्यांदा म्हना." त्यांनी पुन्हा म्हटलं. आईनं डोळे मिटून घेतले.

मग त्यांनी एका संध्याकाळची गोष्ट सांगितली. एक कथा चालू होती. आजारी मुलीला पाठीवर घेऊन बाप दवाखान्यात निघालाय असा प्रसंग होता. अण्णा वाचत होते आणि त्यांचा आवाज अडला. त्यांनी पाणी मागितलं, परत सुरू केलं, परत अडला. सगळे खाली बघत बसले. त्या दिवसांत मी तापानं आजारी होते, हे आईला आठवलं. मी आतल्या खोलीत झोपलेली असणार. अण्णांनी पुस्तक बंद केलं नाही. ते उठले, दाराशी बसलेल्या या माणसाकडं गेले आणि पुस्तक त्याच्या हातात दिलं.

"म्हनले, 'तुमी वाचा.' मी म्हनलं, गुरुजी, मला येत न्हाई. शाळेत सुदिक कधी मोठ्यानं वाचलं न्हवतं मी. तर म्हनले, 'येतं. तुमी ऐकता, म्हंजी तुमाला येतं.' मग वाचलं. घाम फुटलता मला. पन वाचलं शेवटपत्तोर. तवापास्नं मी पोलीस हाय का कोन हाय, ह्येच मला कळना गेलं."

माझ्यासाठी ज्यांचा आवाज अडला होता ते अण्णा माझ्या ओळखीचे नव्हते. मी त्यांना तापाच्या गोळ्या आणून देणारा, कपाळावर हात न ठेवता दुरूनच 'कमी आहे का' असं विचारणारा माणूस म्हणून ओळखत होते. भिंतीच्या पलीकडं तेव्हा काय चाललं होतं ते मला आता कळत होतं.

मी त्यांना विचारलं, "मी तुम्हाला आठवते का? चहाचं ताट आणणारी?"

"आठवता की. येक वेनी सुटलेली आसायची नेमी."

मला मात्र ते आठवत नव्हते. मी खूप प्रयत्न केला. शिंप्याच्या गळ्यातली टेप आठवली, कंपाउंडरच्या अंगाला येणारा औषधाचा वास आठवला. दाराशी बसलेला माणूस काही आठवेना. तसं मी त्यांना सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, "मंजी काम चांगलं केलं मी."

मग मी कादंबरीबद्दल विचारलं. झोपेबद्दल ते जे बोलले होते ते मला नीट समजून घ्यायचं होतं. ते म्हणाले, "तुमचा हेर दिस-रात सोताला कोसतो. तसं नसतंय, ताई. पयले काही दिस टोचतंय. मग मानूस इसरून जातो. गुरुवार आला की मला नुसतं वाटायचं, आज पुढलं पान. मी कोन, कशाला आलतो, ह्ये येस्टीतून उतरल्यावर ध्यानातच नसायचं. चांगली झोप लागायची. मग कवातरी, चार म्हयन्यातून, कुनी आपल्याला प्रेमानं काय दिलं की येकदम आठवायचं. तवा मातर जीव नकोसा व्हायचा. तुमी त्ये इसरनं लिव्हलं न्हाई."

मी इतकी वर्षं त्या प्रश्नाशी झटत होते, तरी हे मला सुचलं नव्हतं. माझा नायक विसरत नाही, म्हणून तो थोडा पुस्तकी वाटतो. हे मला समीक्षकांपैकी कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ते इतक्या मऊपणे सांगितलं की मला वाईट वाटण्याऐवजी हलकं वाटलं. आपलं लिहिणं कुणीतरी इतक्या जवळून, जिवाला लावून वाचलं, याहून जास्त लिहिणाऱ्याला काय मिळायचं असतं!

निघताना ते आईला म्हणाले, "वहिनी, तुमी वाचली का ही कादंबरी?"

आई म्हणाली, "मला कुठं दिसतंय? हिला येळ न्हाई वाचून दाखवायला."

"मग मी वाचतो की," ते म्हणाले. विचारलंही नाही, सांगूनच टाकलं.

तेव्हापासून जमेल त्या रविवारी ते येतात. मला क्लास नसेल तेव्हा मीही जाते. पुढच्या खोलीत आई लोडाला टेकून बसते, ते तिच्यासमोर खुर्चीवर ताठ बसून वाचतात. एक एक शब्द सुटा, स्वच्छ, सावकाश. मी स्वयंपाकघरात चहा करत असते आणि माझंच पुस्तक मला नवं वाटतं. काही वाक्यं त्यांच्या तोंडी कृत्रिम वाटतात, तेव्हा ती माझीच चूक असते. काही इतकी चांगली निघतात की ही मी लिहिली होती का, असा प्रश्न पडतो.

आई त्यांना मध्येच थांबवते. तिला शंका फार. परमुलखातली माणसं भाकरी खात नाहीत तर काय खातात, घड्याळवाल्याला सासू कशी नाही, हे सगळं त्यांना मला हाक मारून विचारावं लागतं. पुस्तक संपलं त्या रविवारी मी मुद्दाम बाहेर येऊन बसले. शेवटच्या पानावर नायक रेल्वेच्या फलाटावर उभा असतो, गाडी येते आणि तो चढला की नाही हे मी सांगितलेलं नाही. त्यांनी शेवटचं वाक्य वाचलं, पुस्तक मिटलं. मी आईकडं बघत होते.

आई लोडावरून सरळ होऊन बसली. मग म्हणाली, "त्याच्या बायकोला म्हाईत होतं."

"काय माहीत होतं?"

"समदं. तो कोन हाय, कुठला हाय, समदं. इतकी वर्सं येका घरात ऱ्हायचं अन् बाईला कळत न्हाई? तू लिहायचं इसरलीस."

"अगं आई, तिला माहीत असतं तर ती बोलली नसती का?"

"कळलं म्हनून बोलायलाच पायजे असं कुठंय?" आई म्हणाली. "बरं चाललं होतं त्यांचं."

मी त्यांच्याकडं बघितलं. ते आईकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते वडवणीच्या सभेतलं ऐकणं होतं, सगळं अंग एका जागी आणून ऐकणं.

मी सध्या त्या बाईवर लिहितेय. घड्याळवाल्याच्या बायकोवर. तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, ती कुणाला सांगत नाही, आणि नवऱ्याला सकाळी पहिला चहा देते. कसं जमेल ठाऊक नाही. क्लासची बॅच मोठी आहे आणि वेळ कमी पडतो. थोडं लिहून झालं की मी ते चौसाळ्याला घेऊन जाते. ते वाचतात, आई ऐकते, आणि एखाद्या ठिकाणी ती हात वर करून त्यांना थांबवते.

ही आमची सगळी हकीकत लिहू का, असं मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "लिव्हा. पन नाव टाकू नका. नावानं कुनी वळखायची सवय न्हाई मला."

म्हणून मी कुणाचंच नाव टाकलेलं नाही.